हातचा

पहाटे साडेचारला आल्बानची बोट सुटते.
इंजिनाचा आवाज सेंट मेरीजची खाडी चढून
माझ्या उशीपाशी येतो, मग मी उठते.
शेगडीत दोन ओंडके सारते.
वरच्या तारेवर वाळत घातलेले हातमोजे मोजते: सात.
आठवा कुठे, हा आजचा पहिला प्रश्न.

शाळा नऊला भरते असं आपलं म्हणायचं.
टेबल पुसलं की भरते ती,
आणि टेबल कधी पुसून होणार
हे लापशीच्या करपल्या पातेल्याला माहीत.

सेलीना बेरीज मांडते.
अठ्ठेचाळीस अधिक सदतीस.
"पंचाहत्तर," बेधडक.
हातचा विसरलीस, बाई.
"हातात तर पेन्सिलच आहे."
मी चाराच्या डोक्यावर
मुंगीएवढा एक काढून दाखवते,
पिठाच्या बोटाने, म्हणून तो वहीवर पांढरा उठतो
आणि फुंकर बसताच उडून जातो.

रेमी धुण्याच्या मशीनसमोर मांडी घालून.
"बाबाचा स्वेटर आला. गेला. आला."
हाही अभ्यासच, असं मी परवा नणंदेला सांगितलं.
युलालीने फक्त कॉफी ढवळली.
दोन वर्षांपूर्वी मात्र ती स्पष्ट बोलली होती:
सुखातला जीव दुःखात घालतेस.

तेव्हा आन्सेल्म सात वर्षांचा होता.
शाळेच्या बाईंनी मायेनंच सांगितलं,
"थोडा मागे आहे."
कुणाच्या मागे, ते मी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्याचं दप्तर खुंटीला टांगलं,
अजून तिथंच आहे.
कपड्यांचे चिमटे ठेवते मी त्यात.

त्याला शेवंडांच्या पिंजऱ्याची जाळी विणता येते.
भरती किती वाजता, पाणी कुठवर, तोंडपाठ.
धक्क्याला कोण लागलं, ते पाठ फिरवून
नुसत्या इंजिनावरून सांगतो.
पान उघडलं की गप्प.
सबंध हिवाळा आम्ही दोघं
एकाच पानाच्या दोन बाजूंना बसलो.
कधी मी ओरडले. ते कुठल्या फॉर्मवर लिहिलं नाही.

आज अकराच्या सुमाराला
तो पावाचा डबा उचलायला गेला.
डब्याखाली भरतीच्या तक्त्याचं पान, उलटं,
त्यावर आल्बानचं कोंबडीच्या पायाचं अक्षर.
मला दिसलंच नव्हतं.
आन्सेल्मने शब्दाखाली बोट धरलं.
"वा-रा... फि-र-ला..."
मी कणकेतले हात तसेच ठेवले.
"...तर... थांबू नका. जे-वून... घ्या."

मशीन थांबलं होतं.
आपण वाचलं, हे त्याच्या गावीही नाही.
तो खिडकीकडे बघतो.
"फिरलाय ना. दुपारपासून वायव्येचा सुटणार."

एका आईला एकाच क्षणी
किती गोष्टी वाटाव्यात याला काही मर्यादा हवी.
मला टाळ्या वाजवायच्या होत्या.
मला धक्क्यावर धावत जायचं होतं.
हात कोपरापर्यंत पिठात.
"छान," म्हटलं. एवढंच निघालं.
"डबा दे इकडे."

जूनमध्ये खात्याचा कागद येईल.
'वाचन: प्रगती', पुढे दीड ओळ.
बघू काय मावतं.

जेवलो. एक ताट शेगडीच्या कडेला झाकून ठेवलं.
सेलीनाने न सांगता बेरीज पुन्हा केली:
पंच्याऐंशी, आणि वरचा एक
इतका मोठा काढला की खालचे आकडे त्याच्या सावलीत.
आठवा हातमोजा कुत्र्याच्या गोधडीत निघाला,
अर्धा चावलेला.

साडेसहा. बाहेर काळोख, काचेवर मीठ.
खाडीवरून एक इंजिन.
आम्ही तिघंही आन्सेल्मकडे बघतो.
तो मान वाकडी करून ऐकतो.
"थेओची आहे ही."
मग जरा वेळानं, रेमीच्या केसांत हात घालत,
"आपली थोडी मागे आहे. येईल."

मी पातेलं घासायला घेते.